१५ मीटरची एचडीएमआय आणि भरड नाक्यावरचा वाद

मालवणात भरड नाक्यावर वाद पेटला तो वायरच्या खोक्यावरून. सभागृहातल्या ४के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या) प्रोजेक्टरला १५ मीटरची एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी वायर टाकली, आणि चित्र मध्येच दोन सेकंद काळं पडतंय.

"खोक्यावर एचडीएमआय २.१, म्हणजे नवी आवृत्ती छापलीय," प्रसादचं म्हणणं.

"तो आकडा यंत्राचा, वायरचा नव्हे," नंदू तडकला. "वायरीला वेगाचा वर्ग असतो. हाय स्पीड म्हणजे सेकंदाला १०.२ गिगाबिट, प्रीमियम हाय स्पीड १८, अल्ट्रा हाय स्पीड ४८. प्रीमियम आणि अल्ट्राच्या खोक्यावर स्कॅन होणारं लेबल असतं. ते नसेल तर नुसत्या २.१ ला किंमत नाही."

"मग आधीच्या प्रोजेक्टरला तीच वायर कशी चालली?" अस्मिताने विचारलं.

"तो १०८०पी, म्हणजे फुल एचडी. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायला ४.४६ गिगाबिट लागतात. २००२ ची पहिली एचडीएमआयसुद्धा ४.९५ नेत होती. ४के ६० ला १७.८२ लागतात, थेट चौपट. वारंवारता वाढली की तांब्यात सिग्नल वाटेतच विरतो. साध्या तांब्याच्या वायरीवर १८ गिगाबिट हवे तर पाचेक मीटरच्या पुढे भरवसा नाही."

भाईकाकांना पटेना. "डिजिटल म्हणजे एक तर दिसणार, नाहीतर नाही. असंच ना?"

"नाही भाईकाका. आधी चित्रात चमकते ठिपके येतात, मग काळं पडतं. प्लेअर ४के ३० किंवा १०८०पी वर ठेवून बघा. चित्र टिकलं तर वायर कमी पडतेय. तरीही गेलं, तर आधी प्लग तपासा."

आपल्याकडे हा प्लगचा भाग फार महत्त्वाचा. खाऱ्या हवेत १९ पिनांपैकी एकीवर जरी हिरवट थर चढला, तरी यंत्रांची एकमेकांशी ओळखपाळख मोडते आणि चित्र जातं. मेन स्विच बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्लग पुसावा, पूर्ण सुकू द्यावा. सँडपेपर लावायचाच नाही. सोन्याचा मुलामा पातळ असतो, तो गेला की गंज आणखी लवकर.

लांबीवर उपाय फायबर एचडीएमआय, म्हणजे चित्र प्रकाशाने नेणारी वायर. तिला दिशा असते: 'सोर्स' टोक प्लेअरला, 'डिस्प्ले' टोक प्रोजेक्टरला. उलटी लावली तर चित्रच नाही. तिच्या टोकातली चिप चालते प्लेअरच्या ५ व्होल्टवर, म्हणून अशक्त पोर्टवर ती रुसते.

"फायबर म्हणजे विजेची भीती नाही," प्रसाद म्हणाला, आणि भाईकाकांनी त्याला तिथेच अडवलं. त्यांचं बरोबर होतं. बहुतेक फायबर एचडीएमआयमध्ये बारीक तांब्याच्या तारा असतातच. मृगाआधीच्या गडगडाटात प्लग काढून ठेवणं हाच उपाय. विद्युतदृष्ट्या खरं वेगळेपण देते तोशिबाची १९८३ ची टॉसलिंक, फक्त आवाज प्रकाशाने नेणारी वायर. डिश अँटेनाच्या केबलमुळे स्पीकरमध्ये घुमणारी गुणगुण तिने बंद होते.

"पण तिच्यातून अ‍ॅटमॉस, डॉल्बीचा तो वरूनही येणारा आवाज, जात नाही," अस्मिता.

"नाहीच," नंदू म्हणाला. "दोन चॅनेलचा न दाबलेला आवाज (पीसीएम) किंवा साधं डॉल्बी ५.१. डॉल्बी डिजिटल प्लसमधलं अ‍ॅटमॉस एआरसीतून, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयनेच स्पीकरकडे परत नेणाऱ्या सोयीतून जातं; डॉल्बीच्या भारी ट्रू-एचडी आवाजाला तिची सुधारित ई-एआरसी हवी. ती सेकंदाला ३७ मेगाबिटपर्यंत नेते. त्यासाठी ४८ गिगाबिटची वायर घ्यायची गरज नाही, इथरनेटवाली हाय स्पीड पुरते."

शेवटी ठरलं: वायर बदलायचीच, तर भिंतीत आधी ३२ मिमीचा पाइप. २० मिमीतून एचडीएमआयचा प्लग जात नाही. कोपऱ्यात एल्बो नको, लांब बेंड हवा. आणि आत नायलॉनची दोरी ओढून ठेवायची, पुढची वायर ओढायला.