गोवारी स्मारकावरचा तो फॉरवर्ड, जरा तपासून पाहू

नोव्हेंबर लागला की नागपूरच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. झिरो माईलजवळचं गोवारी स्मारक (1994 च्या मोर्चात जीव गेलेल्या गोवारींचं) म्हणजे एका पक्षाची दुकानदारी, 1994 ला पोलिसांनी काही केलंच नव्हतं, लोकं आपसातच चेंगरले, मागणी तर कोर्टाने केव्हाच मान्य केली, मग दरवर्षी तिथे जाऊन बर्डीत (सीताबर्डीत) जाम कशाला लावता. खाली हात जोडलेला इमोजी. यंदा आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरही आला, म्हणून लिहून टाकतो.

आधी ते "आपसातच चेंगरले". 23 नोव्हेंबर 1994, हिवाळी अधिवेशन चालू, आम्हाला अनुसूचित जमातीत धरा म्हणून विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून हजारो गोवारी मोर्चा घेऊन आले, पिढ्यान्‌पिढ्या गावची गुरं राखणारी माणसं, त्यात बायका भरपूर, कडेवर पोरं, आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ त्यांना अडवलं. भेटायला एकही मंत्री येईना. संध्याकाळी रेटारेटी झाली, पोलिसांच्या लाठ्या चालल्या, बॅरिकेडमुळे पळायला जागा नाही, आणि 114 जीव गेले, बहुतेक बायका आणि लेकरं. आता गोळीबार झाला नव्हता हे खरंच, काही जण उलट बाजूने "गोळीबारात शहीद" लिहितात तेही चूक. पण गोळी नाही म्हणजे कोणाचाच दोष नाही, हे काहून? आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचडांनी तेव्हा राजीनामा दिला होता, तो काय उगाच?

मेसेजमधली सगळ्यात मोठी थाप म्हणजे "मागणी मान्य झाली". अनुसूचित जमातींच्या यादीत "गोंड गोवारी" आहे, नुसतं "गोवारी" नाही. गोवारींचं म्हणणं, ते आम्हीच. 1985 च्या शासन निर्णयाने हा दरवाजा जवळपास बंद केला आणि मोर्चा निघाला तो याच मुद्द्यावर. नंतर विशेष मागास प्रवर्गात घातलं, पण ते 2 टक्के आरक्षण आणखी जातींसोबत वाटून. मग 14 ऑगस्ट 2018 ला हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की गोंड गोवारी नावाची वेगळी जमात 1911 च्या आधीच संपली, म्हणजे यादीतली नोंद गोवारींचीच. फॉरवर्ड इथेच थांबतो. पुढे राज्य सरकारच अपिलात गेलं आणि 18 डिसेंबर 2020 ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला. मधल्या काळात ज्यांना ॲडमिशन किंवा नोकरी मिळाली होती तेवढी काढून घेतली नाही, बस. ज्या पोरांनी 2018 ला पेढे वाटले असतील त्यांच्या धाकट्या भावंडांना आज त्या निकालाचा काडीचा उपयोग नाही. (इतर आदिवासी संघटनांचा या मागणीला विरोध आहे, त्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे, पण वाद चालू आहे म्हणजे विषय मिटला नाही एवढं तरी कबूल करा.)

एका पक्षाची दुकानदारी? 1994 ला मुख्यमंत्री शरद पवार, म्हणून विरोधकांनी हा विषय भरपूर वापरला, मान्य. पण 1995 ला युती आली, मग आघाडी, मग पुन्हा युती, सगळ्यांनी हार घातले आणि गोवारी आहेत तिथेच. यादीत बदल करायचा तर कलम 342 प्रमाणे संसदेला करावा लागतो, आणि दिल्लीतही सरकारं दोन्हीकडची येऊन गेली. दुकान असेल तर मालक बरेच आहेत भाऊ.

राहिला जामचा मुद्दा. बर्डीत कोणत्या दिवशी जाम नसतो? आणि जे आता बोंबलतात ते रोज ज्या उड्डाणपुलावरून ऑफिसला जातात त्याचं नावच आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल आहे, पाटी वाचायला कोणी थांबत नाही ते सोडा. 23 तारखेला जाऊन पाहा एकदा. फुटपाथवर फडक्यात बांधलेली भाकर उघडून बसलेल्या म्हाताऱ्या दिसतील, चपला बाजूला काढून ठेवलेल्या, भाषणाकडे अर्धं लक्ष, अर्धं परतीच्या गाडीकडे. पक्षाच्या गाड्या येतात, हार-फोटो होतो, निघून जातात, या बसूनच असतात.

"बाकीच्यांचं तिथे काय काम" असंही त्या मेसेजच्या शेवटी आहे. स्मारक भर रस्त्यात आहे, कोणी जात विचारत नाही. गर्दी नको असेल तर दुसऱ्या कोणत्याही दिवशी जा, झिरो माईल मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं, गाडी नेऊच नका, पार्किंगची बोंब आहे.