"ट्यूनिंग स्विचची वायर कशीही न्या, काही होत नाही" हा मेसेज चुकीचा आहे

गेले काही दिवस ट्रक-पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मलाच चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की ट्यूनिंग बॉक्सच्या (इंजिनची पॉवर वाढवायला लावतात तो डबा) मोड स्विचला, म्हणजे ती पॉवर कमी-जास्त करायच्या डॅशबोर्डवरच्या स्विचला, करंट लागतच नाही, म्हणून फ्यूज नको, वायर जवळच्या रस्त्याने न्या, अर्थ (निगेटिव्ह वायर) बॉडीला कुठंही मारा, कंपनीच्या लूममधली (वायरींच्या जुडग्यातली) वायर सोलून पीळ मारला की झालं, अर्ध्या तासाचं काम आहे. मी ऑटो इलेक्ट्रिशियन, दिवसभर डॅशबोर्डखालीच डोकं असतं, आणि असली अर्ध्या तासाची कामं नंतर निस्तरायला माझ्याकडेच येतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

"करंट कमी म्हणून फ्यूज नको." स्विचला करंट कमी लागतो हे खरंय, मिलीअँपिअरमध्ये असतो. पण फ्यूज स्विचसाठी नसतोच, वायरसाठी असतो. स्विचच्या लाइटला नाहीतर बॉक्सच्या सप्लायला इग्निशनवरून एक वायर घेतातच, आणि ती ज्या लाइनवरून घेतली तिथे २० किंवा ३० अँपिअरचा फ्यूज असला तर उद्या तुमची ०.५ स्क्वेअरची (अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची) बारीक वायर कुठे बॉडीला घासून शॉर्ट झाली की तिच्यातून पंचवीसेक अँपिअर जाईल तरी तो ३० चा फ्यूज उडणार नाही, तो त्याच्या जागी बरोबरच आहे, पण वायरचं वरचं पीव्हीसी प्लास्टिक मात्र वितळेल, तेसुद्धा शेजारच्या वीस वायरींना चिकटून. मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, २४ व्होल्ट, पिकअपला १२, पण दोन्हीकडे हिशोब हाच. जिथून सप्लाय घेतला तिथून वीतभर अंतराच्या आत २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज टाका. होल्डरला फार पैसे पडत नाहीत हो.

"वायर जवळच्या रस्त्याने न्या." यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण सगळं काम या रस्त्यातच असतं. एक पिकअप आलेली, ड्रायव्हर काका म्हणाले गिअर बदलताना गाडी मधेच ओढते मधेच मरते, बॉक्सच खराब निघाला. बॉक्स बदलूनही तेच. मी स्विचच्या लाइटकडे बघत काकांना सगळे पेडल एकेक करून दाबायला लावले, ब्रेकला काही नाही, ॲक्सिलरेटरला काही नाही, क्लच दाबला की मोड ३ वरून १ वर, सोडला की परत ३. खाली झोपून बॅटरी मारली तर स्विचची वायर क्लच पेडलच्या ब्रॅकेटला केबल टायने आवळलेली, आणि पत्र्याच्या धारेवर घासून अर्धा इंच तांबं उघडं, हिरवट पडलेलं. बॉक्स दोन्ही वेळा चांगलाच होता. ज्याने काम केलं त्याने गाडी उभी असताना वायर बघितली, पाय हलताना नाही बघितली.

ट्रकला तर केबिन उचलते. कंपनीचा लूम केबिनच्या बिजागरापाशी सैल वळसा घालून नेलेला असतो तो उगाच नाही, केबिन पुढे झुकली की तेवढी वायर लागते. तुम्ही इंजिनकडून डॅशबोर्डकडे सरळ ताणून वायर नेली आणि आवळली की पहिल्यांदा केबिन उचलताना कनेक्टर तरी उपटतो नाहीतर वायर आतल्या आत तुटते, वरून अख्खी दिसते, आणि मग शोधत बसा. म्हणून वायर आधी नुसती सोडून ठेवायची, केबिन पूर्ण उचलून बघायची, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, पेडल दाबायचे, मगच टाय आवळायचे. टर्बो आणि सायलेन्सरपासून लांब, वर कॉरुगेटेड (वळ्यावळ्यांचा प्लास्टिकचा) पाईप. पत्र्यातून आत येताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेवर बसणारी रिंग) पाहिजेच, आणि ग्रोमेटच्या बाहेरच्या बाजूला वायर थोडी खाली लोंबती ठेवायची म्हणजे पाणी तिथेच टपकतं, वायरीवरून डॅशबोर्डात शिरत नाही. कोकणात पावसात गाडी घालणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

"अर्थ कुठंही मारा." बऱ्याच मोड स्विचमध्ये प्रत्येक नंबरला वेगळा रेझिस्टर असतो आणि बॉक्स ० ते ५ व्होल्टमधलं वाचून मोड ठरवतो, म्हणजे पाच मोड असले तर दोन मोडमध्ये साधारण एकेक व्होल्टचाच फरक. तुम्ही अर्थ रंग लावलेल्या पत्र्याला मारला, किंवा जिथे ब्लोअर आणि हेडलाइटचा अर्थ येतो त्याच गंजक्या बोल्टला, तर ब्लोअर फुल केला की अर्धापाऊण व्होल्ट तिथेच सरकतो आणि बॉक्सला वाटतं मोड बदलला. स्विचचा अर्थ बॉक्सच्या अर्थ वायरवरच परत न्या, सिग्नल आणि अर्थ एकमेकांना पीळ देऊन, आणि अल्टरनेटर-स्टार्टरच्या जाड केबलला चिकटून लांबवर नेऊ नका.

"सोलून पीळ मारा आणि टेप लावा." उन्हाने टेपचा गोंद सुटतो, खड्ड्यांनी पीळ सैल होतो, एवढं पुरे. आणि डॅशबोर्डखाली पिवळ्या स्लीव्हची वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा, त्याला टेस्ट लॅम्पसुद्धा लावायचा नाही. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक वायरी असतील तर त्या बहुतेक कॅनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या, त्यांनाही हात लावू नका.

मेसेजच्या शेवटी आहे की स्विच स्टॉकवर, म्हणजे ट्यूनिंग बंदवर, ठेवला की गाडी कंपनीसारखी. नाही होत. बॉक्स सेन्सर आणि ईसीएमच्या (इंजिनचा कॉम्प्युटर) मधेच बसलेला असतो, त्याचे जास्तीचे कनेक्टर तसेच राहतात, एक सैल झाला की चेक लाइट आणि गाडी पॉवर काढून टाकते. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) डिझेल गाड्यांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) वगैरे आहे, त्यात ट्यूनिंग करणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चाही (गाडीत फेरबदल करण्याबद्दलचं कलम) विषय आहे, ते आधी समजून घ्या मग बॉक्स घ्या.

ज्यांचं काम आधीच झालंय त्यांनी आज एवढं करा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, इग्निशन ऑन, इंजिन बंद. एकाने स्विचच्या लाइटवर डोळा ठेवायचा, दुसऱ्याने क्लच, ब्रेक, मग ब्लोअर फुल, हेडलाइट, आणि स्विचमागची वायर हाताने हळू हलवायची. लाइट जरा जरी फडफडला तर बॉक्स बदलायला जाऊ नका, डॅशबोर्डचं खालचं पॅनल काढून वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने चाचपत जा.