भाडेकरू गेला म्हणून दुकान जात नाही

"दुकानाचा भाडेकरू वारला की भाडेहक्क संपला. वारसा फक्त राहत्या घराला. दुकान टिकवायचं तर मृत्युपत्र करून ठेवा, नाहीतर मालक कुलूप लावील." हा निरोप महिनाभरात मला तीन ग्रुपांवर आला, त्यात एकदा चक्क एका घरमालकाकडून! महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर यातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

'वारसा फक्त घराला': महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधल्या कलम ७(१५) मध्ये भाडेकरूची व्याख्या आहे. शिक्षण, धंदा, व्यापार किंवा साठवणुकीसाठी दिलेली जागा असेल, तर मृत्यूच्या वेळी भाडेकरूसोबत ती जागा त्या कामासाठी वापरणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो. तसा कुणी नसेल तर वारस. आपसात एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवतं. घराच्या बाबतीत कायदा 'सोबत राहणारा' म्हणतो, दुकानाच्या बाबतीत 'सोबत वापरणारा'.

सगळी गोम या 'वापरणारा'त आहे. माझ्या माहितीतलं एक शिलाईचं दुकान घ्या. मोठा मुलगा बंगळुरूला नोकरीत. लग्न झालेली धाकटी लेक मात्र रोज दुपारी मापं घ्यायची, काज-बटण करायची, गल्ला सांभाळायची. वडील गेल्यावर भावकी म्हणाली, भाडेपावती थोरल्याच्या नावे करा. का म्हणून? कायदा थोरला-धाकटा बघत नाही, लेकीचं लग्न झालंय का तेही विचारत नाही. गिऱ्हाइकांच्या मापांची वही तिच्या अक्षरातली होती, कापडवाल्याची बिलं तिच्या सहीची. दुकान ती वापरत होती याचा हाच पुरावा. असे कागद रद्दीत घालू नका.

'मृत्युपत्र करा': माल, यंत्रं, येणी यांच्यासाठी जरूर करा. पण भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. या कायद्याआधीच्या १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यातही अशीच तरतूद होती, आणि तिच्यातला 'वारस' म्हणजे मृत्युपत्राने नेमलेला माणूस नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली सांगितलं आहे.

'मालक कुलूप लावील': लावेलही, पण तो कायदा नाही, दांडगाई आहे. ताबा घ्यायला कोर्टाचा हुकूम लागतो. बेकायदा बाहेर काढलं तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावता येतो. मुदत मोजून ठेवा.

निरोपात खरेपणाचा एक कण आहे, तोही सांगतो. जागा लीव्ह अँड लायसन्सवर असेल तर ती व्यक्तीला दिलेली परवानगी असते. ती वारशाने येत नाही. म्हणून आधी करारनामा काढून वाचा. एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेल्या) कंपन्यांना तर १९९९ चा हा भाडे कायदा लागूच नाही.

दुकान जातं ते बहुतेक दुसऱ्याच वाटेने. भावंडं भांडतात, शटर खाली राहतं, भाडं कोण भरणार यावर अबोला. सबळ कारणाशिवाय दाव्याआधी सलग सहा महिने जागा वापरात नसेल, तर याच भाडे कायद्याच्या कलम १६ खाली मालकाला ताबा मागता येतो. तेव्हा तेरावं झालं की शटर उघडा. मालक भाडं घेईना तर चेक स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच त्याच मापांच्या वहीत ठेवा.