मोटर फिरली म्हणून घाई नको

जुना सुपर ८ कॅमेरा (घरगुती सिनेमा काढायचा, फिल्मवर चालणारा) सेल घालून मोटर फिरली की निर्धास्त विकत घ्या, असं जुन्या कॅमेऱ्यांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय. एवढ्यावर भागत नाही हो! बऱ्याच मॉडेलांत लाइट मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या भागाला, वेगळा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. तो आता बाजारात नाही, आणि १.५ चा साधा सेल घातला की मीटर बहुधा उजेड जास्त दाखवतो, म्हणून कॅमेरा आत कमी उजेड घेतो आणि फिल्म काळपट येते.

आमच्या बडोद्याच्या घरी, दांडिया बाजारात, माळ्यावर काकांचा चावीचा कॅमेरा निघाला. सेलची भानगडच नाही, चावी दिली की खरखर सुरू. पण इथला पावसाळा! भिंग उजेडाकडे धरलं तर आत जाळ्यासारखी बुरशी. विकत घेताना आधी हेच बघा. आणि विकणारे सगळं '८ एमएम' म्हणूनच खपवतात: १९६५ च्या सुपर ८ ला कार्ट्रिज लागते, त्याआधीच्याला रीळ.

सोबतच्या डब्यात मुंजीचं रीळ होतं, झाकण काढताच व्हिनेगरचा भपकारा, म्हणजे फिल्म खराब होऊ लागलेली. असं रीळ हौसेने प्रोजेक्टरवर चढवू नका, आकसलेलं असतं, कडेची भोकं फाटतात. थेट स्कॅनिंगला द्या.