‘नीमतेलाने गुलाब जळाला’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला नर्सरीचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमची तक्रार अशी की आमच्याकडचं नीमतेल मारून कीड गेली नाही, उलट पानं करपली. आणि डायक्लोरव्हॉस हे जहाल कीटकनाशक मागितलं तर काउंटरवरच्या मुलाने दिलं नाही.

फोटो टाकलेत ते बरं केलंत. पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक पांढुरके ठिपके आणि देठाशी जाळी दिसतेय. तुम्ही याला मावा म्हणताय, पण हा लाल कोळी आहे, पानांचा रस शोषणारा अगदी बारीक जीव. तो पानाच्या खालच्या बाजूला बसतो आणि तुमचं तेल चकाकतंय ते सगळं वरच्या बाजूला! शिवाय ग्रिलमध्ये कुंडीला खेटून एसीचं आउटडोअर युनिट आहे. दिवसभर गरम, कोरडा वारा. कोळ्याला अजून काय हवं? औषधाचं नंतर बघू, आधी कुंडी तिथून हलवा.

आता करपण्याचं. बाटलीवर लिटरला ५ मिली लिहिलंय. तुम्हीच लिहिता की ‘लवकर गुण यावा म्हणून’ लिटरला चार झाकणं घातली आणि दुपारी फवारलं. एका झाकणात १० मिली मावतं. आठपट तेल, वर भर दुपारचं ऊन. गुलाबच काय, कुठलंही झाड करपेल.

डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे. मुलाने दिलं नाही ते योग्यच केलं, त्याला मी बोलणार नाही. तुमच्या खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतात हेही लक्षात घ्या. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाच्याही मागे लागू नका. ते माव्यावर चालतं, कोळ्यावर नाही. कोळी आठ पायांचा, तो कीटकच नव्हे.

पार करपलेली पानं खुडा. रोज सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरात फवारा द्या, निम्मे कोळी त्यानेच धुऊन जातात. झाड सावरलं की ५ मिली तेल आधी थोड्या लिक्विड सोपमध्ये घोटा, नाहीतर ते नुसतं पाण्यावर तरंगतं. मग लिटरभर पाण्यात मिसळून ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. एका फवारणीत अंडी मरत नाहीत, म्हणून दर आठवड्याला, असं तीनदा. कुणी गंधक सुचवेल. ते कोळ्यावर चालतं, पण तेलानंतर दोन आठवडे अजिबात नको, आहेत ती पानंही जातील.

उघडलेल्या बाटलीचे पैसे परत मिळणार नाहीत. पण एक पान पिशवीत घालून आणा, भिंगाखाली कोळी दाखवतो. सोमवारी नर्सरी बंद असते.