‘चार व्हिडिओ बघा, सोलर फिटर व्हा’ : जरा थांबा

दहावी-बारावीचे निकाल लागले की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो : सोलरमध्ये पैसा आहे, आयटीआयमध्ये दोन वर्षं घालवू नका, चार व्हिडिओ पुरे, डीसीचा (पॅनेलमधून येणाऱ्या, एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटचा) शॉक बसत नाही, वायरी तर टक्कन बसतात, बिघडलं तर कंपनीचा माणूस येतो. काम आहे हे खरंच. छतावर सोलर बसवण्याच्या 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्यच एक कोटी घरांचं आहे. बाकीचं एकेक बघू.

‘डीसीचा शॉक बसत नाही.’ हा समज 12 व्होल्टच्या बॅटरीवरून आलाय. 3 किलोवॅटसाठी 540 वॉटची 6 पॅनेल धरा. एकाचं ओपन सर्किट व्होल्टेज (लोड जोडलेला नसतानाचं) साधारण 49, सहा एकामागोमाग म्हणजे सिरीजमध्ये जोडली की 294. इन्व्हर्टर (डीसीचा घरात लागणारा एसी करंट करणारं यंत्र) बंद केला तरी ऊन असेपर्यंत ते राहतंच. शिवाय एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत तसं होत नाही. चालू लोडवर कनेक्टर ओढला की आर्क, म्हणजे सलग ठिणगी, जळतच राहतो. म्हणून आधी एसीची एमसीबी पाडायची, मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडची लाइन तोडणारा स्विच), मग क्लॅम्प मीटरवर (वायरीभोवती अडकवून करंट मोजतात ते) शून्य ॲम्पियर बघायचे. हात त्यानंतर.

‘वायरी टक्कन बसतात.’ टक्कन बसतो तो कनेक्टर. आतली पिन क्रिम्प करावी लागते, म्हणजे तारेवर दाबून घट्ट बसवावी लागते, आणि नवी पोरं फसतात ती इथेच. 4 चौरस मिमीच्या केबलचं इन्सुलेशन 7 मिमीच्या आसपास सोलायचं, आतली एकही तार तुटता कामा नये. पिन क्रिम्पिंग टूलनेच दाबायची, ओढून बघायची, कनेक्टरमध्ये टक्क होईपर्यंत सारायची, मागचा नट पान्याने आवळायचा. साध्या पकडीने दाबलेली पिनही पहिल्या दिवशी चालते, मीटरवर व्होल्टेज बरोबर दिसतं. पण सांध्याचा रोध 0.1 ओहम झाला आणि 13 ॲम्पियर वाहिले, की बोटाच्या पेराएवढ्या जागेत 17 वॉट उष्णता. प्लास्टिक किती दिवस टिकणार? दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर जोडले तरी हाच धोका. बसतात, म्हणून चालतात असं नाही.

‘आयटीआयची दोन वर्षं वाया.’ इन्व्हर्टरच्या पुढचं सगळं काम एसीचं, तिथे परवानाधारक कंत्राटदार आणि परमिटवाला वायरमन लागतो. दोन वर्षं नकोत तर सोलर टेक्निशियनचा ट्रेड एक वर्षाचा आहे. 2015 चा सूर्यमित्र हा सरकारी सोलर कोर्सदेखील 600 तासांचा होता. नुसत्या स्लाइड दाखवून प्रमाणपत्र वाटणारेही आहेत, हे मान्य. प्रवेशाआधी विचारा : प्रत्येकाच्या हातून किती पिना क्रिम्प होतात? मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) हातात मिळतो का?

‘बिघडलं तर कंपनीचा माणूस येतो.’ तो माणूस म्हणजे तुम्हीच! दुपारी स्ट्रिंगवर (सिरीजमधल्या पॅनेलच्या साखळीवर) 294 ऐवजी 266 दिसले तर घाबरायचं कारण नाही. सेल 60 अंशांवर तापले की व्होल्टेज दहाएक टक्के उतरतंच. पण शेजारच्या तशाच स्ट्रिंगपेक्षा पंधराएक व्होल्ट कमी आले, तर एखादा बायपास डायोड (सावलीतल्या सेलना वळसा घालून करंट नेणारा पॅनेलमधला भाग) शॉर्ट झालेला असू शकतो. मग आयसोलेटर पाडून एकेक पॅनेल मोजत जायचं.