२५ मिमीचा बेस का दिला: आमचं उत्तर

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत, आभार. हाफ-ऑर्क बार्बेरियनची मिनी (खेळातल्या योद्ध्याची छोटी मूर्ती) आवडली, पण मित्राच्या स्पेस मरीनला ३२ मिमीचा बेस (मूर्तीच्या पायाखालची गोल चकती) असताना तुम्हाला २५ मिमीचा देऊन आम्ही काटकसर केली, मिनी पुढे कलंडते आणि बेस चिकटवूनही दिला नाही, अशी तुमची तक्रार आहे.

बेसच्या मापात आम्ही पैसे वाचवत नाही. तुम्ही ऑर्डरमध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स, एक इंची ग्रिड मॅट’ असं लिहिलं होतं. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावरचा भूमिका-खेळ, आणि चौकोनी घरं आखलेल्या त्या मॅटवरचं एक घर २५.४ मिमीचं. ३२ मिमीचा बेस प्रत्येक बाजूला तीन मिमीहून जास्त बाहेर येतो, आणि शेजारच्या घरात तसाच दुसरा गडी आला की दोघांपैकी एकाला सरकावंच लागतं. अरुंद बोळातल्या लढाईत मग कोण कुठल्या घरात आहे, यावरूनच वाद. हाफ-ऑर्क कितीही धिप्पाड दिसला तरी नियमांत तो मीडियम (मध्यम आकाराचा), त्याला एकच घर. ओगर हा राक्षस लार्ज (मोठा), त्याला चार घरं लागतात, म्हणून त्याला आम्ही ५० मिमी देतो. तुमच्या मित्राच्या स्पेस मरीनला ३२ मिमीच हवा, कारण तो ज्या खेळातला सैनिक आहे त्या वॉरहॅमर ४०,००० या युद्धखेळात घरं नसतात, अंतर बेसच्या कडेपासून मोजतात. तिथे बेसचं माप बदललं की खेळ बदलतो.

कलंडणं मात्र वैतागवाणं आहे, आणि त्यावर उपाय आहे. तुमच्या बार्बेरियनच्या कुऱ्हाडीचं पातं बेसच्या कडेच्या पुढे जातं, त्यात रेझिनचा बेस खालून पोकळ आणि हलका. त्या पोकळीत १६ मिमी व्यासाचा लोखंडी वॉशर फेविक्विकने बसवा. पाय बरोबर मध्यावर न चिकटवता थोडे मागे घ्या. बेस सुटा पाठवतो तो यासाठीच. शिवाय एकदा चिकटवला की झग्याच्या खाली आणि बुटांच्या मागे ब्रश पोचत नाही, रंगवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

वॉशर बसवलेला नवा बेस आम्ही कुरिअरने पाठवतो, पैसे लागणार नाहीत. मॅटशिवाय खेळणार असाल तर कळवा, ३२ मिमीचा पाठवू. जुना बेस चिकटवून झाला असेल तर तो ओढू नका. मिनी तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, थंडीने फेविक्विक ठिसूळ होतं. मग बूट धरून बेस हलकेच फिरवा. घोटे बारीक आहेत, तिथे जोर देऊ नका.